परिपाठात हात कोणी जोडायचे? तळेगावपासून नाशिकपर्यंत शाळेतल्या प्रार्थनेचा प्रवास

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा लोकलच्या गोंगाटात अर्धाच ऐकू आला, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. बोलताना मी जे सारखं 'म्हणजे, म्हणजे' करतो तेवढं काढलंय. बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, यात कसला इतिहास? शाळेतली प्रार्थना. सकाळी घंटा झाली, मैदानात रांगा लागल्या, सावधान, विश्राम, मग 'एक साथ राष्ट्रगीत शुरू कर'. आपण सगळ्यांनी आयुष्यातली दहा वर्षं हे केलंय आणि एकदाही विचारलं नाही की हे कोणी ठरवलं. मी गेले दोन महिने हेच शोधत होतो, आणि धागा सापडला तो आपल्या मावळातच.

१९०८ साल. कोल्हापुरातून 'विश्ववृत्त' नावाचं मासिक निघायचं. त्यात एक लेख आला, 'वैदिक प्रार्थनांची तेजस्विता'. लेखक श्रीपाद दामोदर सातवळेकर, पुढे वेदांचे मोठे अभ्यासक म्हणून नावाजले गेले तेच. आता शीर्षक बघा. बॉम्ब नाही, पिस्तूल नाही, प्रार्थना. पण सरकारला त्यात राजद्रोह दिसला. खटला झाला आणि मासिकाच्या संपादकांना तीन वर्षांची शिक्षा झाली. हे संपादक म्हणजे प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर. एके काळी राजाराम कॉलेजात शिकवणारे, 'ग्रंथमाला' चालवणारे, मराठीतून ज्ञान द्यायला हवं म्हणून आयुष्यभर धडपडलेले.

याच विजापूरकरांनी १९०६ मध्ये राष्ट्रीय शिक्षणासाठी समर्थ विद्यालय काढलं. सुरुवात कोल्हापुरात, आणि मग ते आलं तळेगाव दाभाड्याला. त्या काळातलं तळेगाव डोळ्यासमोर आणा. १९०८ मध्येच पैसा फंडाचा काच कारखाना इथे सुरू झाला. लोकांनी एकेक पैसा वर्गणी देऊन उभा केलेला कारखाना, आणि त्याच गावात सरकारी ग्रँट न घेणारी शाळा. सरकारला हे झेपणारं नव्हतं. १९१० मध्ये समर्थ विद्यालय बंद करायला लावलं.

मला यातली गंमत अशी वाटते की हेच सरकार पन्नास वर्षं सांगत होतं, आम्ही धर्मात पडत नाही. १८५४ चा वूडचा खलिता, म्हणजे इंग्रजी अमलातल्या शिक्षणाचा मूळ आराखडा, त्यात सरळ लिहिलंय की सरकारी शाळेतलं शिक्षण धर्मनिरपेक्ष राहील. फक्त बायबलची प्रत ग्रंथालयात ठेवायची, आणि एखाद्या मुलाने आपणहून विचारलं तर मास्तरांनी शाळेच्या वेळेबाहेर समजावून सांगायचं. खाजगी शाळांना मात्र, त्या कुठल्याही धर्माच्या असोत, नेहमीचे विषय नीट शिकवत असतील तर अनुदान मिळणार. मिशनच्या शाळा वाढल्या त्या या दरवाजातून. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर आली आणि लोणावळ्यात रेल्वेची वसाहत झाली. जुन्या गॅझेटियरमध्ये लोणावळ्याच्या नोंदीत रेल्वेची शाळा, प्रोटेस्टंट चर्च आणि रोमन कॅथलिक चॅपल एकापाठोपाठ एक येतात. आज लोणावळ्यात कॉन्व्हेंट शाळा आहेत आणि मराठी घरातली पोरं त्यात जातात याची सुरुवात अशी जुनी आहे.

१८८२ मध्ये हंटर आयोग बसला. महात्मा फुल्यांनी याच आयोगाला निवेदन दिलं, ते आपल्याला शाळेत असतं. पण आयोगाची एक शिफारस कोणी सांगत नाही. त्यांना कॉलेजांसाठी नीतीचं एक पाठ्यपुस्तक हवं होतं, सगळ्या धर्मांत समान असलेल्या तत्त्वांवर आधारलेलं, कुणालाच हरकत नसेल असं. आयोगातले एक सदस्य होते काशिनाथ त्र्यंबक तेलंग. मुंबईचे वकील, पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती. त्यांनी या पुस्तकाला विरोध करणारं वेगळं टिपण जोडलं, आणि ते पुस्तक काही सरकारने काढलं नाही.

'सगळ्यांना चालेल असं काहीतरी' हा शब्दप्रयोग लक्षात ठेवा. एकशे चाळीस वर्षं झाली, आपण अजून तेच शोधतोय.

आता प्रार्थना म्हणजे नुसती भक्ती नसते, ती कोणाची हा प्रश्न तिच्यासोबतच येतो. ज्या कोल्हापुरात वैदिक प्रार्थनेवरून राजद्रोह झाला, त्याच कोल्हापुरात काही वर्षं आधी शाहू महाराजांसाठी वैदिक मंत्र म्हणायचे की नाही यावरून वेदोक्त प्रकरण पेटलं होतं. राजाला सुद्धा 'हे मंत्र तुमच्यासाठी नाहीत' असं ऐकावं लागलं. शाळेच्या मैदानातल्या रांगेत उभ्या असलेल्या पोराची काय कथा.

आणखी एक गोष्ट १९३८ ची. निजामाचं हैदराबाद संस्थान, म्हणजे आपला मराठवाडा त्यात. औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात आणि हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात मुलं आपल्या प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणायला लागली. अधिकाऱ्यांनी बंदी घातली. मुलं हटली नाहीत, तेव्हा शेकड्यांनी काढून टाकली. त्यांच्या मदतीला आलं नागपूर विद्यापीठ. कुलगुरू केदार यांनी त्यांना प्रवेश दिला. या मुलांमध्ये एक होता पी. व्ही. नरसिंह राव, पुढचा पंतप्रधान.

तर बघा, तळेगावात आणि औरंगाबादला सत्ता सांगत होती 'हे म्हणू नका'. पुढे आपण अशा गोष्टी बघणार आहोत जिथे शाळा सांगते 'हे म्हणाच'. मला तरी दोन्ही एकाच जातीच्या वाटतात.

आता येऊया ७ डिसेंबर १९४८ ला. संविधान सभेत मसुद्यातल्या बाविसाव्या कलमावर चर्चा चालू आहे. आज ते अठ्ठावीसावं कलम आहे. उत्तर द्यायला उभे आहेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मावळवाल्यांसाठी सांगतो, बाबासाहेबांचा बंगला तळेगावात होता, आणि २५ डिसेंबर १९५४ ला त्यांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. तर सभेतला त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. सरकारी शाळा सगळ्यांच्या करातून चालते. एका धर्माचं शिक्षण दिलं तर बाकीच्यांच्या पैशावर ते होतं, आणि सगळ्या धर्मांचं द्यायचं म्हटलं तर ते शक्यच नाही. शिवाय प्रत्येक धर्म आपलाच मार्ग खरा म्हणतो, मग ती भांडणं शाळेत कशाला आणायची.

हे भाषण बऱ्याच जणांना माहीत असतं. माझं लक्ष अडकलं ते कलमाच्या तिसऱ्या उपकलमावर. पहिलं उपकलम म्हणतं, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. तिसरं म्हणतं, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येणार नाही, त्याने स्वतः संमती दिली नसेल तर. आणि मूल अज्ञान असेल तर पालकाने.

'संमती दिली नसेल तर'. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे वाक्य वाचून मी खुर्चीतून उठलोच. ही डिफॉल्ट सेटिंग आहे! ॲप टाकताना एक चौकट असते, 'मला मेसेज पाठवा'. ती आधीच टिक केलेली असली तर तुम्हाला शोधून काढून टाकावी लागते. रिकामी असली तर तुम्ही टिक करेपर्यंत काही होत नाही. दिसायला फरक एवढासा, पण आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, दहातले नऊ लोक त्या चौकटीला हातच लावत नाहीत. जे डिफॉल्ट, तेच होतं.

आपल्या संविधानाने ती चौकट रिकामी ठेवली. आधी पालकाचा होकार, मग उपासना.

इंग्लंडने नेमकं उलट केलं. तिथल्या १९४४ च्या शिक्षण कायद्याने ठरवलं की शाळेचा प्रत्येक दिवस सामूहिक उपासनेने सुरू होईल. ज्या पालकाला नको असेल त्याने मुलाला बाहेर काढावं. म्हणजे टिक आधीच केलेली. १९८८ च्या कायद्याने त्यात आणखी भर घातली, की ही उपासना प्रामुख्याने ख्रिस्ती वळणाची असावी. शाळांनी हे कसं करायचं याच्या सूचना १९९४ च्या एका परिपत्रकात आहेत. सगळीकडून मागणी होऊनही त्या परिपत्रकाला तीस वर्षं उलटून गेली. तिथले मुख्याध्यापक त्याच जुन्या कागदावर चालतात किंवा सरळ कानाडोळा करतात. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये, उत्तर आयर्लंडच्या एका लहान मुलीच्या प्रकरणात, ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फक्त ख्रिस्ती दृष्टीतूनच धर्म शिकवणं आणि तशीच उपासना घेणं बेकायदा आहे. आणि 'नको असेल तर बाहेर काढा' ही सोय पुरेशी नाही, कारण बाहेर काढलेलं मूल वर्गात एकटं पडतं, त्याच्यावर शिक्का बसतो.

म्हणजे जे त्यांच्या कोर्टाला २०२५ मध्ये म्हणावं लागलं, त्याची अर्धी सोय आपल्याकडे १९५० मध्येच लिहून ठेवली होती. मस्त ना? छाती फुगली ना?

आता मला सांगा, तुमच्या शाळेच्या प्रवेश अर्जावर अशी चौकट होती? माझ्या नव्हती. मी ऑफिसमध्ये विचारलं. सातारा, लातूर, अकोला, पनवेल, बेळगाव. मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम, झेडपी, कॉन्व्हेंट. एकाच्याही अर्जावर नव्हती. संविधानात चौकट रिकामी आहे आणि मैदानात सगळ्यांची टिक आधीच झालेली आहे.

हे असं का झालं, तर परिपाठ कधी कोणी एका जागी बसून आखलाच नाही. तो साचत गेला. आमच्याकडे जुन्या कोडचं जसं होतं तसं. प्रत्येक नवा माणूस चार ओळी टाकतो, जुन्या ओळी काढायची कोणाची हिंमत नाही, न जाणो काय बंद पडेल.

प्रतिज्ञेचंच घ्या. 'भारत माझा देश' कोणी लिहिलं असं विचारलं तर शंभरातले पंचाण्णव गप्प बसतात. पैडीमर्री वेंकट सुब्बाराव. विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होते. १९६२ मध्ये, चीनच्या युद्धाच्या वर्षी, त्यांनी ती तेलुगूत लिहिली. पुढच्या वर्षी तिथल्या एका शाळेत म्हटली गेली. १९६४ मध्ये बंगळुरूला केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष होते शिक्षणमंत्री एम. सी. छागला, आपल्या मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. ठरलं की देशभर शाळांत ही म्हणायची, २६ जानेवारी १९६५ पासून. ट्रेझरीतल्या एका माणसाचा मजकूर कोट्यवधी पोरांच्या तोंडी गेला, आणि त्याचं नाव मात्र मागेच राहिलं.

मग २०१३ मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय काढला, परिपाठात संविधानाची प्रास्ताविका वाचा. बऱ्याच शाळांनी तो फाइलला लावला. जानेवारी २०२० मध्ये वर्षा गायकवाड शिक्षणमंत्री असताना पुन्हा परिपत्रक निघालं, २६ जानेवारीपासून वाचन सक्तीचं. २०२३ मध्ये 'गर्जा महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचं संगीत, शाहीर साबळे यांचा आवाज. १९ फेब्रुवारीपासून लागू, आणि शाळेत प्रार्थना आणि राष्ट्रगीताच्या जोडीला तेही. साधारण पावणेदोन मिनिटांचं. २०२५ मध्ये 'वंदे मातरम्'ला दीडशे वर्षं होतात म्हणून ३१ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर शाळांनी पूर्ण गीत म्हणावं असं परिपत्रक आलं, त्यावर टीव्हीवर भरपूर आरडाओरडा झाला. तो तुम्ही पाहिलाच असेल.

यात सरकारं वेगवेगळ्या पक्षांची होती. सवय एकच. आलेल्या प्रत्येकाने एक गोष्ट जोडली, काढली कोणीच नाही.

आणि हे सगळं झालं राष्ट्राचं, राज्याचं. प्रत्यक्ष प्रार्थना कुठली हे तर शाळेवरच सोडलेलं. सरकारने नेमून दिलेली प्रार्थना अशी नाहीच. म्हणून एका शाळेत सरस्वतीची, दुसरीकडे साने गुरुजींची, तिसरीकडे सिनेमातली. हो, सिनेमातली! 'इतनी शक्ति हमें देना दाता' हे १९८६ च्या 'अंकुश' मधलं, बेकार तरुणांवरच्या सिनेमातलं गाणं. आज कित्येकांना ते जुनं भजन वाटतं. आणि २०१७ च्या 'उबंटू' मधलं समीर सामंत यांचं 'हीच अमुची प्रार्थना' दोन-तीन वर्षांत मराठी शाळांच्या मैदानात पोचलं, कुठल्याही जीआरशिवाय. मला विचाराल तर शिक्षकांनी स्वतःहून केलेली ही निवड सगळ्या परिपत्रकांपेक्षा शहाणी आहे. शेवटी पसायदान, ते तर वारकऱ्यांच्या आपल्या पट्ट्यात, आळंदी आणि देहूच्या मधे, कोणाला वेगळं शिकवावं लागतच नाही.

इथे जरा थांबतो. हा भाग करायचं कारण सांगतो.

माझी वहिनी मावळातल्या एका गावच्या झेडपी शाळेत व्यवस्थापन समितीवर आहे. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. समितीच्या बैठकीत एका वडिलांनी हळूच सांगितलं की त्यांची मुलगी तिसरीत आहे, घरी बौद्ध आहेत, देवीच्या प्रार्थनेला तिने हात जोडावेत असं त्यांना वाटत नाही. रांगेत उभी राहील, शांत राहील, बाकी सगळं म्हणेल. बैठकीत कोणी चिडलं नाही. पण समोरून प्रश्न आला, 'असा नियम आहे का कुठे? दाखवा.' वडील गप्प झाले. वहिनीने रात्री मला फोन केला. "भाऊजी, तुम्ही ते इतिहासाचं काहीतरी बडबडत असता ना? मग बघा, असा नियम असतो का."

मी शोधायला बसलो तेव्हा मला वाटलं होतं की कुठेतरी एखादी मार्गदर्शक पुस्तिका असेल. 'परिपाठात सहभागी न होणाऱ्या विद्यार्थ्यांबाबत' असं काहीतरी. मी शिक्षण विभागाची परिपत्रकं चाळली. परिपाठात काय घ्यावं यावर पानंच्या पानं. ज्याला नको असेल त्याचं काय करावं यावर माझ्या हाताला एक ओळ लागली नाही. मिळाले ते कोर्टाचे निकाल.

पहिला केरळचा. १९८५, तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार पंथाची. राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत, कारण त्यांच्या पंथात ते बसत नाही. शाळेने काढून टाकलं. ११ ऑगस्ट १९८६ ला सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी. उभं राहणं हा आदर पुरेसा आहे, गायलाच हवं असा कायदा नाही. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो ओळखला जातो. आणि लक्षात घ्या, ही प्रार्थना नव्हे, राष्ट्रगीत होतं. राष्ट्रगीताला जी मुभा, ती सरस्वतीच्या प्रार्थनेला नसेल असं म्हणणं जरा अवघडच आहे.

दुसरा निकाल घरचा, नाशिकचा. शाळेचं नाव सावित्रीबाई फुले माध्यमिक विद्यालय. तिथले शिक्षक संजय साळवे प्रार्थनेला हजर असायचे, पण हात जोडायचे नाहीत. शाळेने ती बेशिस्त मानली आणि त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली. ते हायकोर्टात गेले. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि रेवती मोहिते डेरे यांच्या खंडपीठाने सांगितलं की प्रार्थनेला हात जोडायची सक्ती हे मूलभूत हक्काचं उल्लंघन आहे, आणि वेतनश्रेणी द्या. इथे माणूस मोठा होता, शिकलेला होता, वकील करू शकत होता. तरी काही वर्षं पगार अडकला. तिसरीतली पोरगी काय करणार?

शाळेत असताना माझ्याही वर्गात एक मित्र होता. प्रार्थनेला त्याचे हात मागे असायचे. मॉनिटर रोज त्याचं नाव फळ्यावर लिहायचा आणि रोज त्याला मैदानाची एक फेरी. त्याने कधी भांडण केलं नाही. फेरी मारायचा आणि येऊन बसायचा. चौथीपासून सातवीपर्यंत. त्याला कोणी विचारलं नाही, त्याच्या घरी कोणी विचारलं नाही, आणि अठ्ठावीसाव्या कलमाचं नाव आमच्या नागरिकशास्त्राच्या मास्तरांनी परीक्षेपुरतं सांगितलं, तेव्हा तो पहिल्या बाकावर होता.

तिसरं प्रकरण अजून मोठं. केंद्रीय विद्यालयं. आपल्या भागात देहूरोडला आहेत, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीमध्ये आहे. देशभर सगळ्या केंद्रीय विद्यालयांत सकाळच्या प्रार्थनेत उपनिषदातला संस्कृत श्लोक असतो. त्यावर याचिका झाली, की ही शाळा पूर्ण सरकारी पैशाची, मग हे धार्मिक शिक्षण झालं की नाही? सरकारची बाजू अशी, की यात सत्याकडे, प्रकाशाकडे जाण्याची गोष्ट आहे, ती कुठल्या एका धर्माची नाही. खुद्द सुप्रीम कोर्टाच्या बोधचिन्हावर महाभारतातलं वचन आहे, मग ते काय धार्मिक म्हणायचं? जानेवारी २०१९ मध्ये न्यायमूर्ती नरिमन आणि विनीत सरन यांनी प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून मोठ्या पीठाकडे पाठवला.

सरकारी वकिलांचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. श्लोक सुंदर आहे, मला पाठ आहे. पण तेलंगांसमोरचं 'सगळ्यांना चालेल असं' पुस्तक इथे परत येतं. सगळ्यांना चालेल हे कोण ठरवणार? ज्याचा तो श्लोक आहे तो, की ज्याला तो म्हणायचाय तो? कॉन्व्हेंटमधल्या फादरनाही आपली प्रार्थना सगळ्या माणसांसाठीच आहे असं मनापासून वाटतं. आणि लोणावळ्यातल्या गणपती बसवणाऱ्या घरातल्या पोराने ती म्हणावी की नाही, हे त्याच्या आईबापांनी ठरवायचं, असं तेच अठ्ठावीसावं कलम त्याच्याही बाजूने सांगतं. हे लोक विसरतात. हे कलम फक्त अल्पसंख्याकांसाठी नाही, ते ज्याला त्याला आहे.

काही जण म्हणतात, मग प्रार्थनाच बंद करा, कटकट मिटली. मला हे पटत नाही. सकाळी दोनशे पोरं एका सुरात काहीतरी म्हणतात, त्यात काहीतरी आहे. ज्या वाडीवर एकशिक्षकी शाळा आहे तिथे परिपाठ हाच माईक हातात धरायचा पहिला चान्स असतो. बातम्या वाचायच्या, सुविचार सांगायचा, दिनविशेष सांगायचा. मी स्वतः स्टेजवर बोलायला तिथेच शिकलो. पोडकास्ट कुठून आला असं वाटलं तुम्हाला!

तर मग नवीन सूचना काढायच्या झाल्या तर त्यात काय हवं? माझ्या मते परिपाठात आणखी एक गोष्ट जोडणारं परिपत्रक नकोच. हवी ती प्रवेश अर्जावर एक ओळ. शाळेत अमुक प्रार्थना म्हटली जाते, माझ्या पाल्याने ती म्हणावी याला माझी संमती आहे किंवा नाही. आणि चौकट रिकामी. दुसरं, ज्याची संमती नाही त्याने रांगेतच उभं राहायचं. त्याला वर्गात पाठवायचं नाही, फेरी मारायला लावायची नाही, फळ्यावर नाव नाही. ब्रिटनच्या कोर्टाने जो शिक्का म्हटला तो इथेच बसतो, आणि हात खाली ठेवून रांगेत उभ्या राहिलेल्या पोरावर तो बसत नाही. मागून तर कोणाला दिसतही नाही. तिसरं म्हणजे राष्ट्रगीत आणि प्रार्थना एका दमात उरकायची नाहीत, मधे अंतर ठेवायचं. कारण दोन्ही एकत्र आली की प्रार्थनेला हात न जोडणारा लगेच देशाला न मानणारा ठरतो. नाशिकला प्रार्थना आणि प्रतिज्ञा असाच घोळ झाला होता.

यासाठी मुंबईची वाट बघायची गरज आहे का? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, आणि निम्म्या बायका. त्या समितीला एवढं ठरवता येऊ नये?

वहिनीला मी दोन निकालांची माहिती आणि कलमाचा मराठी मजकूर एका पानावर टाइप करून पाठवला. तिने तो बैठकीत वाचला. मुख्याध्यापकांनी कागद मागून घेतला, दोनदा वाचला आणि इतिवृत्तात नोंद करायला सांगितली. मुलगी आता प्रार्थनेला हात खाली ठेवून उभी राहते. पसायदान मात्र ती सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणते, कारण तिला ते आवडतं, आणि तिच्या वडिलांची त्याला हरकत नाही.

पुढच्या भागात पैसा फंडाच्या काच कारखान्याची गोष्ट नीट सांगणार आहे, आज ती घाईत उरकली. तोवर तुमच्या शाळेत कुठली प्रार्थना होती आणि ती कोणी निवडली होती, हे आठवत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. गाऊन पाठवली तरी चालेल, बेसूर असली तरी.